बालाघाटावरच्या गावांत कोयत्याला जोड काय? खवा, सीताफळ, शेळी, रेशीम... महिन्यांच्या हिशोबानं बोलू

घाटमाथा

बीड-धाराशिव जिल्ह्यांतल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वाशी, भूम या पट्ट्यातल्या माथ्यावरच्या गावांचं पोट दोनच गोष्टींवर चालतं: खरिपाचं सोयाबीन-तूर-कापूस आणि ऊसतोडीचा कोयता. हातभर मुरमाड माती, खाली कातळ, पाऊस पर्जन्यछायेचा. मांजरा उगम पावते पाटोद्याच्या माथ्यावर आणि अडवली जाते खाली धनेगावला. वर राहतो तो मुरूम.

या गावांना 'जोडधंदा करा' असं सांगणाऱ्या याद्या ढिगानं मिळतात. शेळ्या घ्या, कोंबड्या घ्या, मध काढा, पर्यटन करा. प्रत्येक ओळीपुढं अनुदानाची टक्केवारी लिहिलेली असते, पण पैसा कोणत्या महिन्यात हातात येणार ते कोणीच लिहीत नाही.

खरी मेख तिथंच आहे. पेरणी जूनमध्ये होते आणि सोयाबीनचा पैसा ऑक्टोबरला येतो. मधले जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर घर कोरडं असतं. ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम याच महिन्यांत उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन दारात येतो. एकदा उचल घेतली की दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा एक कोयता कारखान्यावर जाणार, तो मार्च-एप्रिलशिवाय परतत नाही. म्हणजे जोडधंद्याची स्पर्धा ऊसतोडीच्या मजुरीशी नसून जुलै-सप्टेंबरातल्या रोख उचलीशी आहे. वर्षाला लाख देणारा धंदा एप्रिलमध्ये पैसे देत असेल, तर कोयता सुटत नाही.

म्हणून या धाग्यावर प्रत्येक धंद्याबद्दल चारच गोष्टी सांगा: पैसा कोणत्या महिन्यात, नोव्हेंबर ते मार्च घरी कोण लागतं, एप्रिल-मेमध्ये पाणी किती, आणि माल विकला गेला नाही तर किती दिवस टिकतो. योजनांची नावं नंतर.

---

भट्टीवरचा

खव्यापासून सुरू करतो. भूम-वाशी भागात घरोघरी भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही आहे, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला नवीन माणसाला फार फिरावं लागत नाही. अडचण दुसरीकडंच आहे.

आधी उतारा. म्हशीच्या दुधात एकूण घन पदार्थ १६ टक्क्यांच्या आसपास असतात. खव्यात पाणी २५ ते २८ टक्के ठेवायचं. म्हणजे १०० लिटरला २१-२२ किलो खवा, सोप्या भाषेत किलोला साडेचार ते पाच लिटर. गाईच्या दुधाला साडेपाच ते सहा लिटर लागतं. कोणी चार लिटरात किलो काढतो म्हणत असेल, तर त्याच्या खव्यात पाणी तरी जास्त आहे किंवा पीठ तरी. आयोडीनचा एक थेंब टाका, निळं झालं की स्टार्च.

कृती माहीत असली तरी चुका ठरलेल्या आहेत, म्हणून लिहितो. एका घाण्याला ५-६ लिटरच दूध घ्यायचं. कढई मोठी आहे म्हणून १२ लिटर ओतलं की वेळ दुपटीपेक्षा जास्त लागतो, रंग तांबूस होतो आणि वास लागतो. पहिल्या उकळीपासून दूध निम्म्याहून खाली येईपर्यंत जाळ मोठा, उलथणं तळ खरवडत सतत चालू. दूध दाट होऊन बुडबुडे फुटायला लागले की जाळ एकदम कमी करायचा. बहुतेक माल इथंच बिघडतो, कारण लाकडाचा जाळ झटकन कमी होत नाही. जळती लाकडं मागं ओढायला भट्टीचं तोंड मोकळं हवं. गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की उतरवायचा. कढई गरम असते, त्यामुळं उतरवल्यावरही दोन मिनिटं हात चालू ठेवायचा.

बिघाडाची कारणं:
- रवाळ झाला: दूध आंबायच्या बेतात होतं. कलाकंदाला हा दाणेदार माल चालतो, पेढ्याला नाही.
- चिवट, रबरासारखा: आधी साय काढलेली आहे. खव्याच्या कोरड्या भागात किमान ३० टक्के स्निग्धांश हवाच, हा कायद्याचा नियम आहे.
- दोन दिवसांत बुरशी: गरम गोळा थेट पिशवीत बांधला, आत वाफ धरली. परातीत पसरून पूर्ण गार करा, मग बटर पेपर, मग डबा.

बाहेर हिवाळ्यात तीन-चार दिवस, उन्हाळ्यात दोन दिवससुद्धा धरू नका. फ्रीजमध्ये दोन आठवडे जातो.

आता पैसा. डेअरी लिटरला ५० देते असं धरलं, तर किलो खव्यात २२५ ते २५० रुपयांचं दूधच गेलं. वर जळण, मजुरी, पोहोच. खवा ३०० च्या खाली गेला की दूध डेअरीला घातलेलं बरं. म्हणजे भट्टी दोनच वेळा खरी कमाई देते: गणपती ते दिवाळी भाव चढतो तेव्हा आणि हिवाळ्यात दूध वाढून डेअरी भाव पाडते तेव्हा. बाकीचे महिने भट्टी थंड ठेवायची तयारी हवी. वर्षभर जाळ ठेवणारा माणूस डेअरीसाठीच राबतो.

---

घाटमाथा

भट्टीवरचा भाऊ, गणपती ते दिवाळी म्हणजे ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. उचलीच्या महिन्यांत निम्मा तरी बसतो. पण जळणाचं काय? डोंगरावर कुऱ्हाडबंदी करायची आणि खाली खव्याच्या भट्ट्या लावायच्या, हे एकत्र कसं चालणार?

---

आकडेमोड

जळणाचा हिशोब करू. पाच लिटर दुधातून चार लिटर पाण्याची वाफ करायची. त्याला ९ मेगाज्यूल. दूध उकळीला आणायला अजून दीडेक. म्हणजे किलो खव्याला कढईत साडेदहा मेगाज्यूल उष्णता पोहोचली पाहिजे.

सुक्या लाकडात किलोला १५ मेगाज्यूल असतात. उघड्या तीन दगडांच्या चुलीत त्यातले १५ टक्के कढईला मिळतात, म्हणून किलो खव्याला साडेचार-पाच किलो लाकूड. बंदिस्त भट्टी, खाली बिडाची जाळी, मागं धुराडं आणि कढई भट्टीच्या तोंडात गच्च बसलेली असेल तर ३० टक्क्यांपर्यंत जातं, लाकूड निम्म्यावर येतं. रोज २० किलो खवा काढणारी उघडी भट्टी रोज क्विंटलभर सरपण खाते. असल्या दहा भट्ट्या असतील तर डोंगर किती दिवस पुरणार, ते ज्याचं त्यानं काढावं.

गॅस: १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये ४५ किलोच्या आसपास खवा निघतो. सिलिंडरचा आजचा भाव ४५ नं भागा, तो तुमचा किलोमागे जळणखर्च. लाकूड विकत घेणाऱ्याला गॅस फारसा महाग पडत नाही, आणि जाळ हवा तेव्हा कमी होतो हा फायदा वेगळाच. लाकूड फुकट मिळतं तोवर मात्र कोणी वळणार नाही.

गोबरगॅसवर लोक फार आशा ठेवतात. एक घनमीटर गॅसला २५ किलो शेण लागतं, आणि तेवढ्या गॅसवर जेमतेम एक किलो खवा होतो. माळावर चरणाऱ्या म्हशीचं गोठ्यात पडणारं शेण १०-१२ किलो. म्हणजे दोन म्हशींच्या शेणात एक किलो खवा. दोन म्हशींचं दूध १० लिटर धरलं तर घरच्या निम्म्या दुधाला गॅस पुरतो. गावातून दूध गोळा करून भट्टी चालवणाऱ्याला नाही. शिवाय २५ किलो शेणाला तेवढंच पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये टँकरवर असलेल्या गावात हे संयंत्र कोरडं पडतं, वरची साय वाळून घट्ट बसते आणि पावसाळ्यात ती फोडत बसावं लागतं.

---

माळावरची बाभळ

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. झाडं डोंगरात आपोआप येतात, जनावर तोंड लावत नाही, पाणी मागत नाही. तरी बाग गुत्त्यानं, म्हणजे फळासकट ठोक रकमेला, व्यापाऱ्याला जाते, कारण फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत लिबलिबीत होतं आणि थांबायची ताकद व्यापाऱ्याकडं असते.

आधी ताज्या फळाचं. डोळे उघडले, दोन डोळ्यांमधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की तोडायचं. त्याआधी तोडलेलं फळ पिकत नाही, दगड होऊन काळं पडतं. देठ कात्रीनं, फळाला अर्धा सेंटीमीटर ठेवून. कॅरेटमध्ये दोनच थर, मध्ये कागद किंवा कडुनिंबाचा पाला. आणि कृपा करून फळ शीतगृहात ५ अंशांना ठेवू नका. १२-१३ अंशांच्या खाली साल काळी पडते, मग ते पिकतही नाही.

२५० ग्रॅमच्या वरचं फळ ताजं विकायचं. त्याखालचं लहान, डागाळलेलं, उकललेलं गरासाठी. १०० किलो फळातून ३५ ते ४० किलो गर निघतो, गावरान झाडाला कमी. 'धारूर ६' आणि 'बाळानगर' या जातींना बरा. एनएमके-१ या जातीला बिया कमी आणि टिकाऊपणा जास्त, म्हणून तो ताजाच विकावा, गरात घालणं तोट्याचं.

गराची पद्धत: मऊ झालेलं फळ त्याच दिवशी. क्लोरीनच्या पाण्यात धुवून कोरडं करणं, हातानं दोन फाकी, स्टीलच्या चमच्यानं गर काढताना सालीलगतचा करकरीत पांढरा थर सोडून द्यायचा, तो कडवट-रवाळ लागतो. मग ब्रशचा पल्पर. पात्याचा मिक्सर किंवा आंब्याचा पल्पर चालणार नाही, बी फुटली की सगळा घाणा गेला. बी विषारी आहे, डोळ्यात उडाली तर डोळ्याला इजा होते. बियांचं काम करणाऱ्या बाईला चष्मा द्या. लोखंडी भांडं, तांब्याची पळी काही नको, रंग जातो. किलोला एक ग्रॅम एस्कॉर्बिक आम्ल लगेच मिसळायचं, नाहीतर अर्ध्या तासात गर तपकिरी.

आणि गर तापवायचा नाही. आंब्यासारखा उकळून डबाबंद करू म्हणणारे दरवर्षी भेटतात. ६५ अंशांच्या वर गेला की कडू होतो. सीताफळाला गोठवण्याशिवाय रस्ता नाही, आणि सगळा खर्च तिथंच आहे.

एक किलोची चपटी पाकिटं, जाडी दोन बोटं. पाच किलोची बादली घरगुती डीप फ्रीजरमध्ये मध्यभागी गोठायला दोन दिवस घेते, तोवर आत काळी वर्तुळं पडतात. फ्रीजरच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नवा माल एका दिवसात घालू नका. उणे १८ अंश.

---

आकडेमोड

ताई, विजेचं जोडतो. रोज १०० किलो फळ, २० दिवसांचा हंगाम, म्हणजे ७०० ते ८०० किलो गर. ५०० लिटरच्या फ्रीजरमध्ये चपटी पाकिटं ३५० किलोच्या आसपास बसतात. दोन फ्रीजर, मिळून रोज ९-१० युनिट. आइस्क्रीमवाले माल उचलतात मार्च-एप्रिलला, म्हणजे पाचेक महिने. युनिटला १० रुपये धरा: किलोमागे वीसेक रुपये नुसती वीज. एक पाकीट खराब निघालं तर हा आकडा आणखी वर. शिवाय 'घाटमाथा'च्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाहीच, पैसा आला एप्रिलला.

---

घाटमाथा

नेमकं तेच विचारणार होतो. गर हा शेतकऱ्याचा धंदा नाही, तो गटाचा किंवा कंपनीचा. शेतकऱ्याला फळाचे पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरातच, कॅरेट उतरल्यावर त्याच आठवड्यात मिळाले पाहिजेत. खेळतं भांडवल गटाकडं नसेल, तर 'गर विकला की पैसे देऊ' म्हणायची पाळी येते. मग पुढच्या वर्षी शेतकरी बाग पुन्हा गुत्त्यानंच देतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

ढोबळ हिशोब: ७५० किलो गराला दोन टन फळ. त्या फळाचे पैसे, अधिक पाच महिन्यांची वीज, अधिक मजुरी, एवढी रोकड पहिल्या दिवशी बँकेत हवी. यंत्राच्या कर्जाची फाईल करताना खेळत्या भांडवलाचं कर्ज त्याच फाईलमध्ये मागा. केंद्राच्या २०२५-२६ पर्यंतच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत एकट्या उद्योगाला ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान ठरलेलं, पण ते यंत्रावर. बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, तेही त्याच योजनेत. लोक यंत्राच्या फोटोत रमतात आणि ही ओळ वाचतच नाहीत.

---

प्रश्नचिन्ह

लाईट १२-१४ तास गेली तर गराचं काय होतं? आमच्याकडं डीपी जळाली की आठवडा जातो.

---

माळावरची बाभळ

गच्च भरलेला फ्रीजर न उघडता दिवसभर धरतो. अर्धा रिकामा असेल तर निम्माच वेळ, म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवायच्या. उघडून बघायचं नाही, कितीही वाटलं तरी. एकदा वितळलेला गर परत गोठवला की पाणी सुटतं, रंग जातो, तो रबडीवाल्याला त्याच दिवशी द्यायचा. डीपी जळाली की आठवडा जात असेल, तर तुमच्या गावात फ्रीजर ठेवू नका. तालुक्याच्या शीतगृहात उणे २० ची खोली भाड्यानं मिळते का बघा, नसेल तर ताजंच विका.

---

दोनदाती

शेळीचं मी सांगतो. उस्मानाबादी शेळी याच डोंगरांची. गाभणकाळ १५० दिवस, दोन वर्षांत तीन वेतं, बऱ्याच वेळा जुळी. माहिती सगळ्यांना आहे, पण विकायचा महिना धरून पैदास कोणी करत नाही, आणि कोयत्याला टक्कर द्यायची तर तेच करायला हवं.

मटणाला आखाडात मागणी चढते, श्रावण लागला की पडते. कंदुऱ्या (नवसाच्या बकऱ्याची जेवणं) आणि जत्रा उन्हाळ्यात. बकरी ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकते, २०२५ ला ती ७ जूनला होती. म्हणजे आता काही वर्षं ईद, जत्रा आणि आखाड हे तिन्ही मे ते जुलैत पडणार आहेत. बोकड तेव्हा विकला तर उचलीच्या आधी पैसा घरात. ईदेला वर्षाचा, दोन दाती (पुढचे दोन पक्के दात आलेला) बोकड लागतो. म्हणून पिल्लं आदल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चला जन्मलेली हवीत, म्हणजे शेळ्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लागल्या पाहिजेत. पावसाळ्याचा हिरवा चारा खाऊन त्या तशाही याच काळात माजावर येतात. बोकड कळपात बारमाही मोकळा ठेवला की पिल्लं पावसाळ्यात पडतात, ओल्या गोठ्यात निमोनियानं मरतात, आणि ईदेला बोकड वर्षाचाही भरत नाही. जानेवारी ते ऑगस्ट बोकड वेगळा बांधा. २५-३० शेळ्यांना एक पुरतो, दीड-दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर स्वतःच्या लेकींवर जातो आणि पिल्लं खुरटतात.

लसी: आंत्रविषार मे-जूनमध्ये, १५ ते २१ दिवसांनी पुन्हा. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत खाऊन धडाधड मरतात तो हाच रोग, आणि धडधाकट पिल्लंच आधी जातात. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) तीन-चार महिन्यांच्या वयाला एकदा, तीन वर्षं बघायला नको. लाळ्या-खुरकूत सहा महिन्यांनी. जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर. दरवेळी तेच औषध दिलं की जंत दाद देत नाहीत, घटक बदलत जा.

जागा शेळीला १०-१२ चौरस फूट, माळावर मुरमाचा उतार दिला की झालं. लाखांचं माचाण बांधून दहा शेळ्या आणणारे प्रकल्प अहवालात छान दिसतात, पण तो खर्च शेळीच्या पोटातून कधीच वसूल होत नाही.

नोव्हेंबर ते मार्च घरी कोण? म्हातारा-म्हातारी चालतात, ८-१० शेळ्यांपर्यंत. वीस झाल्या की ताकदीचं माणूस हवं. मुलांना वसतिगृहात जागा मिळाली (संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहं आहेत) तर आजी-आजोबांचा हात मोकळा होतो.

---

तुतीपाला

जुलै-सप्टेंबर म्हणता तर रेशीम त्याच महिन्यांत पैसा देतं, दर बॅचला. पण अटी आहेत.

एकर तुती (व्ही-१), ठिबक, हजार ते बाराशे चौरस फुटाचं शेड. २०० अंडीपुंजांची (एका पतंगिणीची अंडी म्हणजे एक पुंज) बॅच. चॉकीची, म्हणजे पहिल्या दोन अवस्था दुसरीकडं वाढवलेली, अळी विकत आणली तर साधारण तीन आठवड्यांत कोष. १०० अंडीपुंजांना ६० ते ७० किलो कोष हा चांगला उतारा, ७० च्या वर सांगणाऱ्याला वजनकाटा विचारा. तापमान २४ ते २८, आर्द्रता ७० च्या वर. एप्रिल-मे बंद, पारा चाळिशीवर गेला की पत्र्याच्या शेडात अळी फ्लॅचरी रोगानं सडते. तुती मात्र पाण्यावाचून मरत नाही, छाटून सोडून द्यायची, पावसावर फुटते. डोंगरावर हे पीक टिकतं ते याच गुणानं.

बॅच जाण्याचं मोठं कारण शेजारचं सोयाबीन. जुलै-ऑगस्टात सगळा शिवार अळीनाशक फवारतो. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल असलेलं औषध वाऱ्यानं तुतीवर आलं की संपलं, कारण रेशमाचा किडाही अळीच आहे. त्याचा अंश पानावर कित्येक आठवडे राहतो, धुतल्यानं जात नाही. सलग पट्टी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला तुती, बांधाला शेवरीची दाट रांग आणि शेजाऱ्याशी गोडीगुलाबी. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. शंका असली तर मूठभर अळ्यांना तो पाला आदल्या दिवशी घालून बघा.

अळीवर अंडी घालणाऱ्या उझी माशीला दारं-खिडक्यांना बारीक जाळी. कात टाकताना चुना धुरळायचा, पाला बंद. कोष पाचव्या-सहाव्या दिवशी काढून जालन्याच्या बाजाराला, रात्रीच्या गार हवेत, कॅरेटमध्ये, गोणीत कधीच नाही. सहा-सात दिवसांत विकला नाही तर पतंग बाहेर पडतो आणि कोषाला भोक, मग भाव गेला.

घरी दोन धडधाकट माणसं लागतात. शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीन वेळा फांद्या टाकायच्या असतात. म्हणून हा धंदा कोयता पूर्ण सोडणाऱ्याचाच, अर्धवट होत नाही.

---

पैनगंगा

किनवट-माहूरकडची भर. आमच्याकडं डोंगर वेगळा, सागाचा. मोह, चारोळी, तेंदू. तिन्हींचा पैसा मार्च ते मे, त्यामुळं तुमच्या कॅलेंडरात ते बसत नाही. पण एक गोष्ट कामाची: वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा गौण वनोपज स्वतः गोळा करून विकू शकते, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनंतर वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते. तुमच्या बीड-धाराशिवच्या डोंगरातलं सीताफळ वनहद्दीत असेल तर हा रस्ता बघा. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथल्या जंगलात राहून त्यावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो. जुने चराई पास, वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटीची जुनी नोंद), गावच्या वयस्कर माणसांचे जबाब चालतात. निजाम काळाची कागदपत्रं मोडी-उर्दूत आहेत, वाचणारा आधी शोधा.

---

सौताडा फाटा

पर्यटनाचं थोडक्यात. सौताड्याचा धबधबा, कपिलधार, नायगावचं मयूर अभयारण्य. पाणी आणि हिरवळ श्रावण ते दसरा, तेही शनिवार-रविवार. म्हणजे पंधरा-वीस दिवसांचा धंदा. खोल्या बांधू नका. पार्किंगची पावती ग्रामपंचायतीनं, चार महिला गटांनी वारानुसार वाटून पिठलं-भाकरी, ठेचा, आणि फाट्यावर सीताफळाची पाटी. रक्कम लहान आहे, पण ऑगस्ट-सप्टेंबरात रोख आहे.

---

भट्टीवरचा

चिंच राहिली. १०० किलो शेंगेत गर ५५, चिंचोके ३४, टरफल-रेषा ११. झाडावर गुत्त्यानं दिली की चिंचोक्याचे पैसे व्यापाऱ्याला फुकट जातात, आणि चिंचोक्याला खळीवाले, पावडरवाले गिऱ्हाईक असतात. फोडायचं काम फेब्रुवारी ते एप्रिल, बसून, घरी राहिलेल्या बायकांचं. जूनच्या आधी विकून मोकळं व्हायचं. पावसाळी हवा लागली की काळी पडते, भाव उतरतो.

---

घाटमाथा

आतापर्यंतचं वाचून मला तीन प्रकारची घरं दिसतात. नवरा-बायको कोयत्यावर आणि म्हातारी माणसं घरी: ८ शेळ्या, बांधावर सीताफळ, बोकड आखाडाआधी विकायचा. त्या पैशानं पूर्ण कोयता सुटणार नाही, पण उचल निम्मी घेता येते. कमी उचल घेतलेल्या घराच्या अंगावर मार्चमध्ये मुकादमाची बाकी फिरत नाही, हे ज्यांनी हिशोबाची वही पाहिली आहे त्यांना सांगायला नको. बायको घरी आणि नवरा अर्ध्या कोयत्यावर: दोन म्हशी, भट्टी फक्त गणपती-दिवाळीत, बाकी दूध डेअरीला. दोघंही घरी आणि विहिरीला मार्चपर्यंत पाणी: रेशीम. गराचा कारखाना यातल्या कुठल्याच घराचा नाही, तो दहा गावांचा मिळून एक.

---

प्रश्नचिन्ह

८-१० शेळ्यांना चारा किती लागतो? माळावर चराईबंदी झाली तर? सुबाभूळ लावली तर भागेल?

---

दोनदाती

शेळीला दिवसाला ३ किलो हिरवा, किलोभर वाळलेला (तूर-हरभऱ्याचं भुसकट सगळ्यात चांगलं, सोयाबीनचंही चालतं), गाभण आणि दुभतीला पाव किलो खुराक. दहा शेळ्यांना वर्षाला ११ टन हिरवा चारा. ओलिताची सोय असेल तर दशरथ घास १०-१२ गुंठे पुरतो. नसेल तर बांधावर शेवरी, दर दीड-दोन फुटाला बी, जूनच्या पहिल्या पावसात. पहिलं वर्ष फारसं ओरबाडू नका, दुसऱ्यापासून छाटणी.

सुबाभूळ एकट्यानं नाही. त्यात मिमोसीन असतं, हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गेली की केस गळतात, गाभण शेळी गाभडते. शिवाय बी पडून शेजारच्या रानात माजते. शेंगा हिरव्या असतानाच छाटा.

चराईबंदी एकदम सगळ्या माळावर लावू नका. डोंगराचे तीन भाग करा, एक भाग दोन पावसाळे बंद, दोन उघडे, मग फिरवा. बंद भागातलं गवत कापून न्यायला परवानगी ठेवा, फक्त दसऱ्यानंतर, बी पडल्यावर.